कोल्हापूर ते लेह : गाडी, रस्ता आणि सीमा

पावसाळा तोंडावर आला की आपल्या कोल्हापुरातली पोरं बुलेटवर सामान बांधतात आणि लेहला निघतात. रस्ता तसा दारावरूनच जातो. ज्याला आपण पुणे-बेंगळुरू हायवे म्हणतो, तो राष्ट्रीय महामार्ग ४८ मुंबई, सुरत, जयपूर करत थेट दिल्लीला पोचतो. तिथून मनाली, आणि मनालीपुढे खरी परीक्षा. बारालाचा ला सुमारे ४,८९० मीटरवर, तांगलांग ला ५,३०० मीटरच्याही वर. ‘ला’ म्हणजे खिंड. इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत पेट्रोल तेवढंच येतं, हवा मात्र कमी पडते. गाडी काळा धूर टाकते, चढाला दम सोडते. माणसाचीही तीच गत.

परत आलेला म्हणतो, हिमालय जिंकला! आता इतिहास काय सांगतो ते बघू.

आधी गाडी. बुलेट आपल्याकडे हौसेसाठी रुजली नाही. १९५०च्या दशकात सीमेवरच्या गस्तीसाठी सरकारने ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या आणि १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली.

मग रस्ता. उत्तर सीमेवर तणाव वाढत होता, तेव्हा मे १९६० मध्ये सीमा रस्ते संघटना स्थापन झाली. रसद पोचवायची तर रस्ता हवा, हा साधा हिशेब. लडाख पर्यटकांना खुलं झालं १९७४ साली, आणि मनाली-लेह रस्ता सामान्य वाहनांना १९८९ साली. म्हणजे आज ज्याला आपण ‘बायकर्सचा रस्ता’ म्हणतो, त्यावर आधी लष्करी ट्रकच धावले. ऑक्टोबर २०२०मध्ये सुरू झालेला नऊ किलोमीटरचा अटल बोगदाही रोहतांगच्या बर्फातून रसद अडू नये, या गरजेतूनच आला.

हे रस्ते फोडले कुणी? अभियंते आणि जवान तर होतेच. पण झारखंडच्या दुमका भागातून, नेपाळमधून आलेले मजूरही होते. आजही डांबराच्या पिंपाजवळ, तोंडाला फडकं बांधून ते उभे दिसतात. आपण तिथे दहा मिनिटं थांबतो, ते अख्खा हंगाम काढतात.

आणि कोल्हापूरचं काय? शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं नावच सैनिक टाकळी आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र शेजारच्या बेळगावात. आपल्या घरांतून उत्तरेच्या थंडीत माणसं गेली, ती बुलेटच्या सहली सुरू होण्याच्या कितीतरी आधी; हौसेने नाही, हुकमाने.

म्हणून लेहला जरूर जा. पण निघण्याआधी गल्लीतल्या एखाद्या निवृत्त सुभेदाराकडे चहाला बसा. थंडीत काय घालायचं, चढावर किती थांबायचं, हे ते सांगतीलच. त्याबरोबर या रस्त्याचा न लिहिलेला इतिहासही तुम्हाला तिथेच मिळेल.