पाला हिरवा, पण कंद कुठे?

पुण्यातील महात्मा फुले मंडई १८८६ साली ‘रे मार्केट’ या नावाने उघडली. तेथील बटाट्यांच्या राशींसमोर उभे राहताना हा कंद आपल्याकडचा नाही, हे आपण विसरून जातो. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या थंड उतारांवर त्याचा जन्म झाला आणि पोर्तुगीजांबरोबर तो पश्चिम किनाऱ्यावर उतरला. उत्तरेने त्याला ‘आलू’ म्हटले. आम्ही मराठी माणसांनी मात्र पोर्तुगीज शब्दच आपलासा केला.

माहेर बदलले, तरी बटाट्याचा स्वभाव बदलला नाही. पानांत तयार झालेली साखर रात्री जमिनीखालील खोडाकडे जाते व तेथे पिष्टरूपाने साठून कंद फुगतो. त्यासाठी रात्रीचे तापमान वीस अंशांच्या खाली असावे लागते. रात्र उष्ण राहिली, की पानांकडून येणारा कंदनिर्मितीचा संदेश क्षीण होतो, साखर श्वसनात खर्ची पडते आणि पालाच माजतो. वरून शेत डोलताना दिसते. खणल्यावर हाती गोट्यांएवढे बटाटे लागतात.

या पिकाचा शास्त्रीय विचार पुण्यात फार पूर्वीच सुरू झाला. येथील शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेले डॉ. हॅरोल्ड मॅन व त्यांचे भारतीय सहकारी यांनी १९२० च्या सुमारास पश्चिम भारतातील बटाट्याच्या लागवडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. साठवणीत उष्णतेने होणारी कूज हाही त्यांच्या चिंतेचा विषय होता. पुढे १९७२ साली दख्खनच्या पठारासाठी ‘कुफरी लवकर’ हे वाण प्रसारित झाले. ते नावाप्रमाणेच लवकर पोसणारे व उष्णता काहीसे सोसणारे होते. २००६ साली सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने ‘कुफरी सूर्या’ हे आणखी सोशिक वाण दिले.

आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर पावसाळ्यात बटाटा पिकतो, तो ढगांनी दिलेल्या गारव्याच्या भरवशावर. बियाणे पंजाबातून विकत आणायचे, त्यासाठी प्रसंगी कर्ज काढायचे, आणि मग आभाळाकडे पाहायचे! रात्री उष्ण होऊ लागल्या, तर त्या कर्जाची फेड कशातून व्हायची?

नवी वाणे हा आधार खरा. पण तो अमर्याद नाही. मंडईत भाव करताना, पिशवीतील प्रत्येक बटाट्यामागे कोणाची तरी थंड रात्रीची प्रतीक्षा आहे, एवढे आपण स्मरणात ठेवू या.