म्हातारपणाचा खर्च कोणी उचलायचा?



"ज्याने त्याने आपल्या म्हातारपणाची सोय करावी, सरकार कुठवर पुरणार?" असं गटाच्या बैठकीत कोणीतरी म्हणतंच. हा वाद सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

1889 मध्ये जर्मनीने कायदा केला. कामगाराने थोडं भरायचं, मालकाने तेवढंच, वर सरकारची भर. 1908 मध्ये इंग्लंडने दुसरी वाट धरली. सत्तरी ओलांडलेल्या गरिबाला काही न भरता आठवड्याला 5 शिलिंगपर्यंत पेन्शन. ज्याच्या हाती पैसा उरलाच नाही, तो साठवणार कशातून?

आपल्याकडे 1952 च्या कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला भविष्य निर्वाह निधी मिळाला, त्यात मालकाचाही वाटा. पण कारंजा तालुक्यात रोजीने कापूस वेचणाऱ्या, सोयाबीन सोंगणाऱ्या बाईचा असा वाटा कोणी भरला नाही. घरच्या शेतात राबणारीला तर रोजीही नाही.

महाराष्ट्रात 1980 मध्ये संजय गांधी निराधार योजना आली. केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन 15 ऑगस्ट 1995 पासून, महिना 75 रुपये. पुढे 200 झाले. साठ ते एकोणऐंशी वयाला केंद्राचा वाटा पुढे अनेक वर्षं 200 वरच थांबला. राज्याने श्रावणबाळ योजनेतून भर घातली, म्हणून 2023 मध्ये महिन्याचे 1000 चे 1500 झाले.

2015 मध्ये अटल पेन्शन आली. ही स्वतः भरायची. साठीनंतर महिना 1000 हवे असतील, तर अठराव्या वर्षी सुरू करणारीला महिना 42 रुपये, पस्तिसाव्या वर्षी 181. चाळिशीनंतर नाव घालता येत नाही. आणि ते 1000 ठरलेले. महागाई वाढली तरी तेवढेच.

म्हणजे नुसत्या बचतीवर भागत नाही, नुसत्या मदतीवरही नाही. जन्मभर राबलेल्या बाईला मिळणारी पेन्शन ही भीक नव्हे. तिच्या कष्टातला जो वाटा कोणी भरला नाही, तो उशिरा मिळतो आहे.

पुढच्या बैठकीत तीन याद्या करा. चाळिशीच्या आतल्या बायांनी बँकेत किंवा पोस्टात अटल पेन्शनची चौकशी करावी. साठी-पासष्टी गाठलेल्या, विधवा आणि निराधार बायांचे अर्ज तहसील कार्यालयात गेले का, ते बघा. मधल्या वयाच्या बायांसाठी मात्र दोन्हीकडे दार अरुंद आहे. त्यांच्यासाठी गटात वेगळी बचत सुरू करा, आणि त्यांचा प्रश्न ग्रामसभेत मांडा.