तीन इंचाला एक सूत कमी

1984-85 च्या सुमारास भारतात तीन ‘नव्या’ मोटारी आल्या. तिन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या, आणि तिन्हींचा पत्रा एका घरचा, इंजिन दुसऱ्या घरचं. उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सने कॉन्टेसा काढली. अंगावर इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा पत्रा आणि बोनेटखाली आपल्या अॅम्बॅसॅडरचंच 1489 सीसीचं इंजिन. मद्रासच्या स्टँडर्डने रोव्हरचा देखणा पत्रा आणला. त्या रोव्हरला तिच्या माहेरी अॅल्युमिनियमचं हलकं व्ही-8 मिळत असे, इथे तिच्या पोटात व्हॅनगार्ड या जुन्या गाडीच्या जमान्यातलं दोन लिटरचं धूड बसवलं. नव्या गाडीत जुनं इंजिन घालायचा तो उलटा खटाटोप चारेक वर्षांत आटोपला.

तिसरी आपल्या कुर्ल्याची, प्रीमियर 118 एनई. मुंबईकरांच्या तोंडी ‘वन वन एट’. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली उभी केलेली ही कंपनी तोवर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट 1100, काढत होती. ‘वन वन एट’ला पत्रा मिळाला फियाट 124 चा, तोही स्पेनमार्गे. सिआट कंपनीने तिथे 124 बनवणं थांबवल्यावर तिचे साचे इकडे आले, म्हणून तर तिचे दिवे चौकोनी. नावातल्या ‘एनई’चा अर्थ निस्सान इंजिन. इटलीचा आराखडा, स्पेनचे साचे, जपानचं इंजिन, कुर्ल्याची जुळणी. अशा गाडीची पत्रिका मांडायची तर सुरुवात इंजिनापासूनच करावी लागते.

हे इंजिन ए-12. चार सिलिंडर, 1171 सीसी, 52 अश्वशक्ती. ब्लॉक लोखंडी असला तरी पातळ ओतलेला, वरचं हेड अॅल्युमिनियमचं. सिलिंडरचा बोअर 73 मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची खालीवर धाव, 70. यातला 73 हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी कथा त्याचीच आहे.

आता कॉन्टेसाचं, म्हणजेच अॅम्बॅसॅडरचं इंजिन उघडा. ते इंग्लंडच्या बीएमसीचं बी-सीरिज. त्याचा स्ट्रोक लांबलचक, 89 मिलिमीटर. बोअर मात्र 73.025. हा अडीच शतांशांचा फालतू अपूर्णांक कुठून आला? तर तो मिलिमीटरमध्ये मोजला म्हणून दिसतो. इंग्रज इंचात मोजत. पावणेतीन इंचापुढे आणखी एक सूत घेतलं की हा बोअर होतो. आपल्याकडचा लेथवाला इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतो, तेव्हा त्याच्या हिशेबाने हे माप तीन इंचाला एक सूत कमी.

इंग्लंडचं सूत जपानात पोचलं ते रीतसर करार करून. युद्धाने मोडून पडलेल्या निस्सानने 1952 मध्ये ऑस्टिनशी करार केला आणि आधी ए-40, मग 1955 पासून ए-50 केंब्रिज ही गाडी ते परवान्यावर बनवू लागले. ए-50 चं इंजिन तेच 1489 सीसीचं. ऑस्टिन आणि मॉरिस 1952 मध्येच बीएमसी म्हणून एकत्र आल्या होत्या, त्यामुळे हेच इंजिन पुढे मॉरिस ऑक्सफर्डच्या, म्हणजे आपल्या अॅम्बॅसॅडरच्या वाट्याला आलं.

निस्सानला आपल्या लहान डॅटसनसाठी एक लिटरचं इंजिन हवं होतं. नवं आखायचं तर नवी यंत्रसामग्री घ्यावी लागणार. त्यांचा सल्लागार होता डोनाल्ड स्टोन, अमेरिकेच्या विलीज-ओव्हरलँडमधला जुना इंजिनिअर. त्याने सुचवलेला उपाय शिंप्याचा होता. कापड तेच ठेवा, उंची कमी करा. ऑस्टिनच्या इंजिनाचा बोअर तसाच राहिला, स्ट्रोक 89 वरून 59 वर आला आणि हातात पडलं 988 सीसीचं इंजिन. कारखान्यातली यंत्रं तीच चालली. जपानात या इंजिनाला ‘स्टोन’ इंजिनच म्हणू लागले. ते घातलेली डॅटसन 210 ही 1958 च्या ऑस्ट्रेलिया-प्रदक्षिणेच्या शर्यतीत आपल्या गटात पहिली आली.

काटकसरीपोटी केलेल्या या कापाकापीचा खरा फायदा वेगळाच निघाला. मिनिटाला 5000 फेऱ्यांना 89 च्या स्ट्रोकवर पिस्टन सेकंदाला सरासरी पावणेपंधरा मीटर धावतो. स्ट्रोक 70 असेल तर बाराच्याही आत. धाव कमी म्हणजे ताण कमी, आणि इंजिन खुशीत वर फिरतं. अॅम्बॅसॅडर वेगात गेली की बोनेटखालून जी कुरकुर ऐकू येई, तिचं मूळ बऱ्याच अंशी त्या लांब स्ट्रोकमध्ये आहे.

1966 मध्ये निस्सानने सनी या छोट्या गाडीसाठी ए-10 काढलं. ते नव्याने आखलेलं, अॅल्युमिनियमच्या हेडचं, अंगाने हलकं होतं. माप मात्र बघा: बोअर 73, स्ट्रोक 59, 988 सीसी. ब्लॉक बदलला, धातू बदलला, पण आजोबांच्या अंगठीचं माप नातवाच्या बोटाला तसंच बसलं. पुढे स्ट्रोक 70 पर्यंत वाढवून ए-12 झालं आणि 1985 मध्ये ते कुर्ल्यात उतरलं.

म्हणजे बाजारात एकमेकींसमोर उभ्या ठाकलेल्या कॉन्टेसा आणि ‘वन वन एट’ बोनेटखाली आजोबा-नातू होत्या. आजोबांकडे 1489 सीसी आणि 50 अश्वशक्ती, नातवाकडे 318 सीसी कमी आणि दोन अश्वशक्ती जास्त. माझं मत विचाराल तर त्या तीन अदलाबदलींत शहाणी ही एकच होती.

इथे एक गंमत सांगायची राहिली. फियाट 124 सुद्धा 1966 चीच. तिचं मूळ 1197 सीसीचं इंजिन 73 बाय 71.5 मिलिमीटरचं! ट्युरिनच्या आणि ऑस्टिनच्या त्र्याहत्तरचा एकमेकांशी काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण पत्रिका जुळते म्हणतात ती आणखी काय वेगळी असते? मूळ फियाट इंजिन साठ अश्वशक्तीचं होतं, तेव्हा कुर्ल्याच्या या लग्नात मुलीने थोडं कमी ताकदीचं स्थळ पत्करलं, हेही मान्य करायला हवं.

मागच्या चाकांच्या गाडीत असा बदल तुलनेने सोपा, कारण इंजिन लांबीत उभं आणि गिअरबॉक्स त्याच्या पाठीशी. तरी माउंटिंग नवी करावी लागतात, ऑइलचा चेंबर खालच्या आडव्या तुळईला घासत नाही ना हे बघावं लागतं, प्रोपेलर शाफ्टची लांबी जुळवावी लागते. कुर्ल्याने इंजिनाबरोबर निस्सानचाच गिअरबॉक्स घेतला. हौशी मंडळीही नेमकं हेच करतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये जुन्या मॉरिस मायनरमध्ये डॅटसनचं ए-12 गिअरबॉक्ससकट बसवणं हा गॅरेजांचा नित्याचा उद्योग होऊन बसला. मॉरिसच्या घरात ऑस्टिनचा नातू जपानी नाव लावून परतला, असं त्याला म्हणता येईल.

उत्तरपाड्यालाही पुढे उपरती झाली. कॉन्टेसाला आणि मग अॅम्बॅसॅडरलाही इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन मिळालं. ती अॅम्बॅसॅडर ज्याने चालवली त्याला फरक समजावून सांगावा लागला नाही.

‘वन वन एट’ आता रस्त्यावर क्वचितच दिसते. तुमच्या नात्यात, वाड्याच्या मागे, शेडमध्ये कुठे एखादी उभी असेल आणि गॅरेजवाला ‘दुसरं इंजिन टाकून देतो’ म्हणत असेल, तर दोन गोष्टी करा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बघा आणि आरटीओची परवानगी घेऊन नोंदणी पुस्तकात बदल लिहून घेतल्याशिवाय गाडीला हात लावू देऊ नका. आणि निघालेलं जुनं इंजिन भंगारवाल्याला किलोच्या भावाने घालू नका. एकदा हेड उतरवा, बोअरला कॅलिपर लावा. मध्ये कुणी रिबोअर केलं नसेल, तर 73 भरेल.