बुखारा नव्हे, तुर्कमेन!

लाल जमिनीवर अष्टकोनी ठशांच्या रांगा असलेला गालिचा दाखवून दुकानदार सांगतो, 'हा बुखारा.' हे नाव बाजाराने दिलेले. आज उझबेकिस्तानात असलेल्या बुखारा शहरी हे गालिचे विकले जात, एवढाच त्याचा संबंध. ते विणले कॅस्पियन समुद्र आणि अमू दर्या यांच्यामधल्या तुर्कमेन टोळ्यांतल्या बायकांनी. लोकर घरच्या मेंढ्यांची. लाल रंग मुळांपासून काढलेला, आणि ते झाड म्हणजे आपल्या मंजिष्ठेची चुलत बहीणच!

माग जमिनीवर आडवा, खुंट्यांना ताणलेला. मुक्काम हलवायचा झाला की खुंट्या उपटायच्या, अर्धवट वीण गुंडाळायची आणि पुढे चालायचे. तंबूत कपाट कुठले? म्हणून कपडे ठेवायला 'चुवाल' नावाची मोठी पिशवी, दाराला 'एन्सी'. योमुत टोळीत नवरीच्या उंटाच्या दोन्ही कुशींवर पाचकोनी 'अस्मालिक' घालत. ती जोडीनेच विणायची. पुढे विक्रीत अनेक जोड्या फुटल्या.

त्या अष्टकोनी ठशाला 'गुल' म्हणतात. टेके, योमुत, सालोर, प्रत्येकीचा गुल निराळा. जणू टोळीची सही. सोव्हिएत काळातल्या संशोधक वालेंतिना मोश्कोव्हा यांचे म्हणणे असे, की हरलेल्या टोळीचा गुल मोठ्या गालिच्यावरून उतरतो आणि पिशव्यांपुरता उरतो. सगळे अभ्यासक हे मानत नाहीत. मला मात्र त्यात तथ्य वाटते, कारण १८३० च्या दशकात सालोरांची सत्ता मोडली आणि त्यांचा गुल टेके व सारिक बायकांच्या चुवालांवर दिसतो.

मग टेक्यांची पाळी आली. जानेवारी १८८१ मध्ये जनरल स्कोबेलेव्हच्या रशियन फौजेने गोक-तेपेचा किल्ला घेतला. हजारो माणसे मारली गेली. पाठोपाठ आगगाडी, १८८८ साली ती समरकंदला पोचली. व्यापाऱ्यांचे फावले. कारखान्यातले रंग आले आणि त्यांतले काही उन्हापाण्यात टिकेनात. लेकीच्या लग्नासाठी चालणारे विणकाम आता गिऱ्हाइकासाठी होऊ लागले.

स्वतंत्र तुर्कमेनिस्तानने १९९२ साली झेंड्यावर पाच गुल घेतले. २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत या कलेची नोंद झाली. झेंड्यावरचे पाच गुल टेके, योमुत, एर्सारी, चौदुर आणि सारिक यांचे मानतात. सालोरांचा त्यांत नाही.