विरार लोकल, औंधचा राजा आणि ‘वेळच मिळत नाही’चा इतिहास

हा एपिसोड ऐकलेल्यांपैकी बरेच जण तो गाडीत उभे राहून ऐकतात, एका कानात इअरफोन आणि एक हात वरच्या कडीला. ज्यांना तेव्हा नीट ऐकू आलं नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग.

आजचा विषय सगळ्यांच्या ओळखीचा आहे: व्यायाम न करण्याची कारणं. वेळ नाही. जागा नाही. जिम परवडत नाही. लोक हसतील. आणि सगळ्यात लाडकं, सोमवारपासून नक्की! ही कारणं सांगितली की घरचे म्हणतात, आळशी आहेस. पण आपण इतिहासाच्या बाजूने बघू. ही कारणं आली कुठून? त्यातलं खरं कारण कुठलं आणि निव्वळ बहाणा कुठला?

सुरुवात आपल्याच वसईपासून. इथल्या वाड्यांमध्ये केळी, पानवेली, फुलं, भाजी पिकवणाऱ्या आजोबांना कोणी ‘तुम्ही व्यायाम करता का?’ असं विचारलं असतं तर ते गोंधळले असते. पाणी काढणं, माती उकरणं, टोपल्या वाहणं, हे सगळं कामातच होतं. आपली पणजी विहिरीवरून पाणी आणायची तेव्हा त्याला कोणी ‘वर्कआऊट’ म्हणत नव्हतं. बसून करायचं काम वाढलं, तेव्हा शरीर हलवण्यासाठी वेगळा वेळ काढायची गरज पडली.

वसई-विरारमध्ये या बदलाला एक तारीख जोडता येते. १२ एप्रिल १८६७ला विरार ते मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. तेव्हा दिवसाला एक जाणारी आणि एक येणारी. १९३६मध्ये विजेवरची गाडी विरारपर्यंत आली. मग घर इथे आणि नोकरी तिथे, हे जमायला लागलं. आज चर्चगेट ते विरार हे सुमारे ६० किलोमीटरचं अंतर आपण रोज दोनदा कापतो. रिक्षा, ब्रिज, प्लॅटफॉर्म, गर्दी धरून दिवसाचे तीन-चार तास जातात. म्हणजे ‘वेळ नाही’ हे विरारकराच्या तोंडी नेहमी खोटं नसतं बरं का! ते दीडशे वर्षांच्या इतिहासाने तयार केलेलं कारण आहे.

मग करायचं काय? इथे आपल्याला एका राजाची गोष्ट उपयोगी पडते.

साताऱ्याच्या बाजूला औंध नावाचं छोटं संस्थान होतं. तिथले राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, म्हणजे बाळासाहेब, जन्म १८६८. त्या काळात युजेन सँडो नावाचा युरोपियन बलवान माणूस जगभर गाजत होता. १९०५मध्ये तो भारताच्या दौऱ्यावरही होता. त्याची पुस्तकं आणि व्यायामाची साधनं विकत मिळायची. आजच्या भाषेत तो त्या काळचा फिटनेस इन्फ्लुएन्सरच म्हणा ना! आपल्या राजेसाहेबांनीही ती साधनं घेतली आणि सुमारे दहा वर्षं सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला.

आणि मग ते सूर्यनमस्काराकडे वळले. मिरजेच्या राजेसाहेबांचं उदाहरण त्यांच्यासमोर होतं. आता विचार करा, या माणसाला पैशांची अडचण नव्हती. राजाला डंबेल्स काय कमी पडणार? तरीही त्याने निवडला असा व्यायाम, ज्याला साधन लागत नाही, पैसा लागत नाही आणि एका चटईपेक्षा जास्त जागा लागत नाही. पुढे संस्थानाच्या शाळांमध्ये तो लागू केला. स्त्रियांनीही सूर्यनमस्कार घालावेत, हा त्यांचा आग्रह होता. राणीसाहेब स्वतः घालत. १९३६मध्ये राजेसाहेब इंग्लंडला गेले. तिथे लुईज मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांच्या पद्धतीवर लिहिलं, आणि १९३८मध्ये लंडनहून त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’. दहा यासाठी, की त्यांच्या नमस्कारात दहा स्थिती होत्या. आज बहुतेक ठिकाणी बारा शिकवतात.

यात शिकण्यासारखं काय? राजाने लोकांना ‘आळस सोडा’ एवढंच सांगितलं नाही. त्याने व्यायामाची किंमतच कमी केली. जागा नाही? चटई पुरते. पैसे नाहीत? लागतच नाहीत. लोक बघतील? घरात दार लावून घाला. कारणाशी भांडण्यापेक्षा कारणाच्या पायाखालची जमीन काढून घेतली. नालासोपाऱ्यात वन रूम किचनमध्ये पाच माणसं राहत असली, तरी सकाळी अंथरूण उचललं की तेवढी जागा निघते.

पण राजाचा उपाय अर्धाच आहे, हेही सांगायला हवं. औंधच्या शाळेत हुकूम होता. मुलांना ‘आज नको’ म्हणायची सोय नव्हती. आपल्याला हुकूम देणारा कोणी नाही, आणि राजेसाहेबांना ५:४०ची लोकल पकडायची नव्हती! तेव्हा वेळेचा प्रश्न उरतोच.

त्यासाठी जाऊ लंडनला. दुसऱ्या महायुद्धानंतर डॉ. जेरी मॉरिस तिथल्या दुमजली बसमधल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करत होते. ड्रायव्हर दिवसभर बसलेला. कंडक्टर तिकिटं फाडत दिवसभर जिने चढतोय, उतरतोय, रोजच्या शेकडो पायऱ्या. बस तीच, शहर तेच. १९५३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला: कंडक्टरांमध्ये हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी. मॉरिस सावध माणूस होते. त्यांनी नंतर कर्मचाऱ्यांच्या युनिफॉर्मची मापंही तपासली. ड्रायव्हर नोकरीला लागतानाच जरा जाड असायचे, असं दिसलं. म्हणजे सगळा फरक जिन्यांमुळेच, असं छातीठोक म्हणता येत नव्हतं. पण टपाल खात्यातले पोस्टमन आणि बसून काम करणारे कर्मचारी, अशा इतर कामांच्याही तुलना झाल्या होत्या आणि चित्र तेच होतं. मॉरिस स्वतः नियमित व्यायाम करायचे. ते ९९ वर्षं जगले.

आता कोणीतरी म्हणणारच, ‘मग आम्ही विरार लोकलमध्ये दीड तास उभे असतो, तो व्यायाम नाही का?’ नाही ना मित्रांनो. ती दमछाक आहे. कंडक्टर हलत होता, आपण चेंगरून एका जागी उभे असतो. पण स्टेशनचा ब्रिज मात्र आपलाच दुमजली बसचा जिना आहे. सरकत्या जिन्याची रांग सोडून बाजूच्या पायऱ्या चढलात, तर वेळ बहुतेक वाचेलच.

आणि थोडं-थोडं केलेलं मोजलं जातं का? जातं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, भरभर चालण्यासारखा. पूर्वी अट होती की एका वेळी किमान दहा मिनिटं तरी सलग हवीत. २०२०च्या सूचनांमध्ये ती अट काढून टाकली. म्हणजे ‘पूर्ण तास मिळाला तरच करीन’ याला आता शास्त्राचाही आधार नाही. घर ते स्टेशन शेअर रिक्षा सोडून पंधरा मिनिटं भरभर चाललात, येताना परत पंधरा. पाच दिवसांत १५० झाली की! वेगळा वेळ काढलाच नाही.

राहिला ‘सोमवारपासून’. हा शुद्ध बहाणा, आणि त्यावर उपाय म्हणजे ठरलेली तारीख आणि सोबतीला माणूस. आपल्या महापालिकेची स्थापना २००९ची, आणि २०११मध्ये वसई-विरार महापौर मॅरेथॉन सुरू झाली. ज्या रस्त्यांवर आपण रिक्षात अडकतो, त्याच रस्त्यांवर लोक ४२ किलोमीटर पळाले. सगळ्यांनी एवढं पळायची गरज नाही. पण मित्राबरोबर रविवारी सहाला जीवदानीच्या पायऱ्या चढायचं ठरवलं, तर तो खाली उभा असतो आणि आपल्याला उठावं लागतं. औंधच्या हुकमाचं काम इथे दोस्ताचा फोन करतो.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. पाच तासांचीच झोप मिळत असेल, तर ती कापून व्यायाम करू नका. आधी झोप. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा जुना आजार असेल, तर आधी डॉक्टर. ही कारणं आहेत, बहाणे नाहीत. आणि ज्या आईला नोकरीवरून आल्यावर रात्री दहापर्यंत ओटाच सुटत नाही, तिला ‘वेळ काढ गं’ म्हणणं सोपं आहे. त्यापेक्षा भांडी आपण घासावीत आणि तिला अर्धा तास चालायला जाऊ द्यावं. तिच्या ‘वेळ नाही’मध्ये आपला हात असतो.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. तुमचं नेहमीचं कारण कागदावर लिहा आणि त्यापुढे लिहा, खरं की बहाणा. बहाणा असेल तर तारीख आणि दोस्त शोधा. खरं असेल तर राजासारखं करा, व्यायाम इतका स्वस्त करा की ते कारण त्याला अडवू शकणार नाही.

पुढच्या एपिसोडमध्ये भेटूच. तोवर, उतरताना ब्रिजच्या पायऱ्यांनी या!