इन्फ्ल्यूएंझा लस

इन्फ्ल्यूएंझा (फ्ल्यू) ह्या श्वसनमार्गाच्या साथीच्या रोगावरील लस कितपत संरक्षण देते, ह्याचे एकच उत्तर देता येत नाही. ते वर्षागणिक बदलत आले आहे.

जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात ही साथ दिसून आली व सप्टेंबरपासूनच्या दुसऱ्या लाटेत लोहमार्गांनी देशभर फैलावली. भारतातील मृत्युसंख्या १·२ ते २ कोटी असावी, असा अंदाज आहे. फायफर ह्यांनी वर्णिलेला जंतू हाच रोगाचे कारण मानला जाई; त्यापासून केलेल्या लशींना मूळ रोग रोखता येणे शक्यच नव्हते. खरा कारक व्हायरस १९३३ मध्ये लंडन येथे वेगळा करण्यात आला. हैदराबाद संस्थानातील अंबडसारख्या तालुक्यांत १९१८ साली शुश्रूषेपलीकडे उपाय नव्हता.

अंड्यांत वाढवून निष्क्रिय केलेल्या व्हायरसाची लस १९४३ मध्ये अमेरिकन सैनिकांना टोचली असता रोगाचे प्रमाण सु. ७० टक्क्यांनी घटले. तीच लस १९४७ मध्ये जवळजवळ निष्फळ ठरली, कारण व्हायरसाचे पृष्ठीय प्रतिजन बदलले होते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९५२ पासून सर्वेक्षणाचे जाळे उभारले. लशीतील वाण फेब्रुवारीत उत्तर व सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी निवडले जातात. उत्पादनास कित्येक महिने लागत असल्याने ही निवड म्हणजे एक प्रकारचे भाकीतच होय. अमेरिकेत २०१०–११ मध्ये परिणामकारकता सु. ६० टक्के, तर वाण न जुळल्याने २०१४–१५ मध्ये अवघी १९ टक्के आढळली. साठ टक्के म्हणजे लस न घेतलेल्यांच्या तुलनेत आजाराचा धोका तेवढ्याने कमी. शंभरांपैकी चाळीस लस घेतलेल्यांना रोग होतोच, असा त्याचा अर्थ नव्हे. ‘लस घेऊनही सर्दी झाली’ ही तक्रारही फसवी आहे, कारण बहुतेक सर्दी-पडशी इतर व्हायरसांमुळे होतात. वृद्धांत संरक्षण कमी मिळते, तरी गंभीर आजार व मृत्यू काही अंशी टळतात.

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्ल्यूने देशातील पहिला मृत्यू झाला. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये नाकात फवारण्याची सजीव लस बाजारात आणली. राज्य शासनाने २०१५ मध्ये गरोदर स्त्रिया व मधुमेहासारख्या जोखमीच्या रुग्णांना मोफत लस देण्यास आरंभ केला. महाराष्ट्रात फ्ल्यूचा जोर मुख्यत्वे पावसाळ्यात असतो आणि लशीचे संरक्षण काही महिन्यांतच ओसरू लागते. यूरोपीय प्रघातानुसार हिवाळ्याच्या तोंडी टोचलेली लस आषाढ-श्रावणापर्यंत पुरेशी टिकत नाही. येथे ती एप्रिल-मेमध्ये घेणे अधिक सयुक्तिक ठरते.