साक्ष : ख्रिस्ती उपासनेतील अनुभवकथन

परमेश्वराने आपल्या जीवनात काय केले, हे प्रार्थनासभेत उभे राहून मंडळीसमोर सांगणे, यास मराठी ख्रिस्ती समाजात ‘साक्ष देणे’ म्हणतात. नव्या करारातील ग्रीक ‘मार्तुस’ म्हणजे साक्षीदार. याच शब्दाला पुढे हुतात्मा असा अर्थ आला.

मराठीत ही साक्ष ग्रंथरूपानेही आली. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याहून धीट साक्ष पंडिता रमाबाईंची. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. मात्र १९०७ मधील आपल्या साक्षीत त्या सांगतात की, तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म लाभला, ख्रिस्त नव्हे. तो गवसण्यास आणखी सुमारे आठ वर्षे लागली. देशविदेशांत ख्याती पावलेल्या विदुषीने स्वतःच्या धर्मांतराचे अपुरेपण असे उघड करावे, हे विलक्षणच. एरवी सभांमधील साक्षी आजार, प्रार्थना, आरोग्य अशा ठरावीक वळणाने जातात.

रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्ये आध्यात्मिक जागृतीची लाट आली, तेव्हाही मुलींनी आधी रडत पापांची कबुली दिली. आनंदाची साक्ष त्यानंतरची.